ती सध्या कुठे असते? पाहुण्या अभिनेत्री आणि त्यांचं 'गायब' होणं

(गोंदिया इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)

विषय ऐकून काही जण हसले, ते मला इथून दिसलं. हसायला हरकत नाही. "ती अमक्या मालिकेत होती ना, ती सध्या कुठे असते हो?" हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात कुठेही निघतो. आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. एक जण म्हणतो, लग्न झालं असेल. दुसरा म्हणतो, काम मिळेना झालं असेल. तिसरा आवाज खाली करून म्हणतो, "काहीतरी झालं असणार." हे तिसरं उत्तर मला फार खटकतं. पुरुष नट दिसेनासा झाला की आपण म्हणतो, त्याने धंदा बदलला. बाई दिसेनाशी झाली की 'काहीतरी झालं'. आजचं बोलणं बरंचसं या 'काहीतरी'बद्दल आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. पाहुणी कलाकार म्हणजे कोण? मालिकेतली नेहमीची मंडळी असतात. त्यांचं घर, त्यांची भांडणं रोज चालू असतात. आणि एखादी बाई एका भागासाठी, दोन भागांसाठी, फार तर आठवडाभरासाठी येते. डॉक्टरीण म्हणून येते, नवऱ्याची जुनी मैत्रीण म्हणून येते, पोलीस मालिकेत तर बहुतेक वेळा प्रेत म्हणून किंवा संशयित म्हणून येते. मुंबईच्या धंद्यात याला 'कॅमिओ' म्हणतात, आणि ज्या मालिकेत दर भागाला नवी गोष्ट असते तिला 'एपिसोडिक' म्हणतात. अशा मालिकांची चूलच पाहुण्यांवर पेटते.

'सीआयडी'चंच उदाहरण घ्या. जानेवारी 1998 मध्ये सोनीवर सुरू झाली, 2018 पर्यंत चालली, भाग झाले दीड हजारांहून जास्त. शिवाजी साटम तेच, दया तोच, दरवाजाही जवळपास तोच! पण दर गोष्टीत मेलेला माणूस नवा, त्याची बायको नवी, मोलकरीण नवी, खुनी नवा. एका भागात तीन-चार पाहुणे धरले तरी एका मालिकेत पाच-सहा हजार भूमिका झाल्या. त्यातले काही चेहरे पुन्हा पुन्हा आले असतील, पण तरी किती माणसं झाली पाहा. त्यातली किती नावं तुम्हाला सांगता येतील? मला दहासुद्धा नाही येणार. चेहरे मात्र आठवतात. मूळ गंमत आणि मूळ दुःख इथेच आहे. चेहरा आपल्याकडे राहतो आणि नाव राहत नाही.

अमेरिकेत एमी पुरस्कारांमध्ये 'पाहुणी अभिनेत्री' असा वेगळा विभाग आहे, नाट्यमालिकेसाठी एक, विनोदीसाठी एक. म्हणजे एका भागात येऊन जाणाऱ्या बाईला तिथे नावाने हाक मारून मंचावर बोलावतात. आपल्याकडे शेवटच्या नामावलीत तिचं नाव आलं तर आलं, आणि ती नामावली वाहिनी इतकी भरभर पळवते की अर्जुनालासुद्धा वाचता येणार नाही.

आता थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. सुरुवातीची मराठी दूरदर्शनची माणसं बहुतेक नाटकातून आलेली. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, मधूनच वरळीला जाऊन 'गजरा'मध्ये एखादं प्रहसन. त्या काळात टीव्हीवर काम करणं हा कोणाचा पूर्ण व्यवसाय नव्हताच. बँकेत काम करणारी, शाळेत शिकवणारी बाई टीव्हीवर दिसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत दिसायची. ती 'गायब' झाली असं कोणी म्हणत नव्हतं, कारण ती काउंटरवर समोरच बसलेली असायची.

मग 1984 च्या जुलैत 'हम लोग' आली आणि प्रायोजित मालिकांचा काळ सुरू झाला. मंजुरी बहुधा 13 भागांची मिळायची. आठवड्याला एक भाग, म्हणजे तीन महिने. तेरा आठवडे ती मुलगी घराघरांत पोचायची, रस्त्याने जाताना लोक वळून बघायचे, आणि चौदाव्या आठवड्याला दुसरी मालिका सुरू. प्रेक्षकाच्या बाजूने बघितलं तर ती नाहीशी झाली. तिच्या बाजूने बघितलं तर तिचं काम संपलं, एवढंच. ठेकेदाराने पूल बांधून पूर्ण केला की तो गायब झाला असं आपण म्हणतो का?

मृणाल देव हे नाव जुन्या मंडळींना आठवेल. 'स्वामी' मालिकेतली रमा. रवींद्र मंकणी माधवराव, आणि ही अवघी सोळा वर्षांची मुलगी रमाबाई. दिग्दर्शक गजानन जागीरदार. सगळा महाराष्ट्र तिच्या प्रेमात पडला. आणि नंतर? ती अभ्यासाला लागली. गो. नी. दांडेकरांची नात, घरात पुस्तकं, तत्त्वज्ञानात पुढे शिकायचं तिच्या मनात होतं. अभिनय हाच व्यवसाय करायचा हे तिने 1994 च्या सुमारास ठरवलं. मग ती मृणाल कुलकर्णी म्हणून 'अवंतिका' झाली, हिंदीत 'सोनपरी' झाली. मधल्या वर्षांत लोकांनी विचारलंच असणार, रमा कुठे गेली? रमा वर्गात बसली होती.

हे परत येणाऱ्यांचं झालं. न परतणाऱ्यांपैकी आज मला विस्ताराने बोलायचं आहे ते मयूरी कांगोबद्दल. ती शब्दशः 'पाहुणी' नव्हती, नायिका होती. पण सिनेमातून टीव्हीकडे आणि टीव्हीतून बाहेर हा तिचा रस्ता इतका स्वच्छ दिसतो की त्यावरून बाकीच्यांचंही समजतं. शिवाय ती आपल्या महाराष्ट्रातली, औरंगाबादची म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. वडील भालचंद्र कांगो, कम्युनिस्ट पक्षाचे नेते. आई सुजाता कांगो रंगभूमीवरच्या अभिनेत्री. म्हणजे घरात एका खोलीत मोर्चाची चर्चा आणि दुसऱ्या खोलीत नाटकाची तालीम, असं काहीसं असणार. हा माझा अंदाज हं, पण फार चुकीचा नसावा.

तिचा पहिला सिनेमा 'नसीम'. सईद अख्तर मिर्झांचा. काळ 1992 चा, जूनपासून 6 डिसेंबरपर्यंतचा. मुंबईतल्या मुस्लीम कुटुंबातली शाळकरी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. आजोबांचं काम साक्षात कैफी आझमींनी केलंय. आजोबा तिला जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतात, आणि बाहेर रोज वातावरण तापत जातं. या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पंधरा-सोळा वर्षांच्या आसपासची ही मुलगी कैफींसमोर बसून जे ऐकते ना, ते ऐकणं बघा. बोलणं पुष्कळांना जमतं. कॅमेऱ्यासमोर ऐकणं फार थोड्यांना जमतं. मला स्वतःला तिचं सगळ्यात चांगलं काम हेच वाटतं, आणि ते सगळ्यात कमी लोकांनी पाहिलंय.

मग महेश भट्टांनी तिला 'पापा कहते हैं'मध्ये घेतलं. 1996. सोबत जुगल हंसराज. सिनेमा फार चालला नाही, पण त्यातलं उदित नारायण यांनी गायलेलं एक गाणं असं चाललं की आजही गोंदियाच्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात एखादा हौशी गायक ते धरतोच. बरोबर? (सभागृहात हशा.) गाणं राहिलं, सिनेमा विसरला गेला, आणि नायिका 'त्या गाण्यातली मुलगी' झाली.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. याच सुमाराला तिला आयआयटी कानपूरला प्रवेश मिळत होता आणि तो सोडून तिने सिनेमा निवडला. या हॉलमध्ये मागच्या रांगेत क्लासचे विद्यार्थी दिसतायत, त्यांच्या आईवडिलांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. पुढे ऐका.

'बेताबी' 1997, 'होगी प्यार की जीत' 1999, 'बादल' 2000, तेलुगूत महेश बाबूबरोबर 'वंशी'. यादी वाचली तर वाटतं, बाई कामात होती. पण नीट बघा. 'होगी प्यार की जीत'मध्ये अजय देवगण आहे, अर्शद वारसी आहे, दोन जोड्या आहेत. 'बादल'मध्ये मुख्य नायिका राणी मुखर्जी. 'वंशी'त नम्रता शिरोडकर. म्हणजे पोस्टरवरची तिची जागा दर सिनेमागणिक थोडी थोडी कडेला सरकते आहे. कोणी हाकललं नाही, कोणी दार लावलं नाही. फक्त खुर्ची सरकत गेली. बहुतेक 'गायब' होणं असंच असतं, हळू, दिवसाढवळ्या.

मग टीव्ही. आता 2000 च्या आसपास टीव्हीत काय झालं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुलै 2000 मध्ये स्टार प्लसवर 'क्यूंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. मराठीत अल्फावर 'आभाळमाया' 1999 ला आलेली होती, ईटीव्हीवर 2001 ला 'चार दिवस सासूचे' आली. आठवड्याची मालिका रोजची झाली. हा बदल वरून छोटा दिसतो, पण कलाकाराचं आयुष्य त्याने उलटंपालटं केलं. आठवड्याला एक भाग असेल तर महिन्यातले पाच-सहा दिवस शूटिंग, बाकी दिवस नाटक, कॉलेज, घर. रोजची मालिका म्हणजे बारा तासांची शिफ्ट, त्यात मुंबईचा प्रवास धरा, महिन्याचे वीस-पंचवीस दिवस. आणि दुसरी गोष्ट, गोष्ट आता लेखक ठरवत नाही, टीआरपी ठरवतो. गुरुवारी आकडा आला की शुक्रवारी कोणीतरी अपघातात मरतं. कोमात जातं. प्लास्टिक सर्जरी होऊन दुसऱ्याच नटीच्या चेहऱ्याने परत येतं!

मयूरी या काळात 'डॉलर बहू'मध्ये होती. सुधा मूर्तींच्या कन्नड कादंबरीवरची मालिका, झी टीव्हीवर 2001 मध्ये. 'किटी पार्टी'त होती. आणि 2003 मध्ये सहारावर 'करिश्मा' नावाची बडी मालिका आली. करिश्मा कपूर त्यात तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचं काम करत होती. मयूरीला काम मिळालं ते तिच्या मुलीचं. करिश्मा तिच्याहून काही वर्षांनीच मोठी. सात वर्षांपूर्वी पोस्टरवर नायिका असलेली मुलगी आता नायिकेची मुलगी. दुसरी एखादी रडली असती. तिने काय विचार केला ते तिचं तिला ठाऊक, पण तिने काय केलं ते आपल्याला दिसतं. 2003 च्या डिसेंबरमध्ये औरंगाबादला लग्न केलं, अमेरिकेला गेली, न्यू यॉर्कच्या बरुक कॉलेजमधून एमबीए केलं आणि डिजिटल जाहिरातीच्या धंद्यात नोकरी धरली. 'डॉलर बहू'त काम करणारी मुलगी खरोखर अमेरिकेत सून म्हणून गेली, हा योगायोग कोणा मालिका लेखकाने लिहिला असता तर आपणच नावं ठेवली असती.

पुढे ती भारतात परत आली, परफॉर्मिक्स नावाच्या डिजिटल कंपनीची प्रमुख झाली, आणि 2019 मध्ये गूगल इंडियात इंडस्ट्री हेड म्हणून गेली. तेव्हा पेपरात बातम्या आल्या, 'ती अभिनेत्री आता गूगलमध्ये'. म्हणजे पंधरा वर्षं ती शिकत होती, नोकरी करत होती, बढत्या घेत होती, आणि आपल्या लेखी ती 'गायब' होती. आपण म्हणजे कोण? टीव्हीसमोर बसलेले. आपल्या पडद्यातून जो बाहेर गेला तो जगातून गेला, असा आपला हिशोब.

अर्थात मला याची परीकथा करायची नाही. तिच्या पाठीशी शिकलेलं घर होतं, आयआयटीपर्यंत पोचेल असा अभ्यास होता, इंग्रजी होतं, परदेशात शिकायची सोय होती. अशा मुलीला एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावता येतं. पण बारावीनंतर शिक्षण सोडून अंधेरीत चार जणींत एक खोली करून राहणाऱ्या मुलीचं काय? तिचं 'गायब' होणं वेगळं असतं, आणि त्याची बातमी होत नाही.

तिचा हिशोब करून बघू. एपिसोडिकमध्ये काम मिळालं, दोन दिवसांचं. पैसे दिवसाच्या हिशोबाने ठरतात. समन्वयक, म्हणजे कोऑर्डिनेटर, मधे असेल तर त्याचं कमिशन जातं. आणि पैसे कधी मिळतात? टीव्हीच्या धंद्यात 90 दिवसांची रीत आहे. आज काम करा, तीन महिन्यांनी चेक. आता भाडं तर दर महिन्याला द्यायचं. म्हणजे घरून पैसे येतायत किंवा हातात दुसरं काम आहे, अशीच मुलगी टिकते. बरं, एका गाजलेल्या पोलीस मालिकेत प्रेत म्हणून दिसल्यावर त्याच मालिकेत लगेच पुन्हा घेत नाहीत, चेहरा ओळखतील म्हणून. काम चांगलं झालं, लक्षात राहिलं, तर उलट अडचण! असा धंदा दुसरा कुठला असेल मला माहीत नाही.

आणि तो भाग मात्र चालूच राहतो. दुपारी रिपीट, रात्री रिपीट, दुसऱ्या वाहिनीवर, मग यूट्यूबवर. कोट्यवधी वेळा बघितला जाईल, पण तिला पैसे मिळाले ते त्या दोन दिवसांचे. 2012 मध्ये आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बळकट झाला, ते चांगलंच झालं. पण एका दिवसाच्या पाहुण्या कलाकाराच्या हातात पुनःप्रक्षेपणाचे पैसे सहसा येत नाहीत. करारावर सही करतानाच सगळे हक्क निर्मात्याला दिलेले असतात. अमेरिकेत कलाकारांच्या संघटनेने याला 'रेसिड्युअल' म्हणून जुनी व्यवस्था करून घेतली आहे. भाग पुन्हा दाखवला की थोडे पैसे. 2023 मध्ये त्यांनी 118 दिवस संप केला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की ओटीटीवर हे पैसे नीट मिळत नाहीत. तिथे एका भागात दिसलेली बाई घरी बसली तरी अधूनमधून एखादा चेक येतो. त्या चेकवर ती पुढच्या ऑडिशनपर्यंत तग धरते. प्रतिभा दोन्हीकडे सारखीच असेल. तग धरायची सोय सारखी नाही.

अर्चना जोगळेकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'निवडुंग' 1989, 'एकापेक्षा एक' 1990, दूरदर्शनवर 'किस्सा शांती का'. काय चेहरा आणि काय नाच! त्या अमेरिकेला गेल्या आणि आपण म्हटलं, गायब. वास्तविक त्या न्यू जर्सीत कथक शिकवत होत्या. आई आशा जोगळेकर कथकच्या गुरू, त्यांच्या संस्थेचं काम मुलीने तिकडे वाढवलं. नाच हा मूळ व्यवसाय आणि अभिनय हा मधला मुक्काम, असंच म्हणायला पाहिजे.

आणि कधीकधी खरंच वाईट घडतं. रंजना देशमुख. 1987 मध्ये 'झंझार'च्या शूटिंगसाठी बंगळूरला जाताना गाडीला अपघात झाला, आणि 'अरे संसार संसार'ची ही जबरदस्त अभिनेत्री चालू-फिरू शकेनाशी झाली. 2000 च्या मार्चमध्ये गेली. तिच्याबद्दलही लोक कुजबुजत होते. अपघाताची बातमी पेपरात छापून आली होती हो, तरी कुजबुजत होते.

आता मुंबई पुरे. आपल्या इकडे येऊ या.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, हा आपला झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई, शंकरपट आणि रात्रभराचं नाटक. अर्जुनी मोरगावकडचे लोक बसलेत ना इथे? त्यांना मी काय सांगणार. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना कळलं की इकडे अशी रंगभूमी आहे, आणि ती अनुदानावर नाही, तिकिटावर चालते. पूर्वी दंडारीत, खडी गंमतीत बाईचं काम पुरुषच करायचे. मग बाया आल्या. एका हंगामात रोज रात्री वेगळ्या गावात, पहाटे नाटक सुटलं की गाडीत झोप, संध्याकाळी दुसऱ्या गावात पुन्हा रंग.

आणि त्यातली एखादी एका हंगामाला येत नाही. गावात विचारतात, ती लावणीवाली यंदा नाही आली का? ती कुठे गेली? कोणी सांगत नाही. टीव्हीच्या नटीचं निदान यूट्यूबवर काहीतरी राहतं. हिचं काय राहतं? एक पत्रक, भिंतीवर चिकटवलेलं, तेही पावसात जातं. हँडबिलावर मुंबईहून आणलेल्या 'सिनेस्टार' पाहुणीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि रोज रात्री नाटक ओढून नेणारी बाई खाली बारीक अक्षरांत. म्हणजे बघा, तिकडे मालिकेत जी पाहुणी खालच्या पायरीवर, तीच इकडे पाहुणी म्हणून वरच्या पायरीवर! मुंबईत काम कमी झालेल्या कितीतरी कलाकारांना झाडीपट्टीच्या हंगामाने हात दिलाय. वाहिनीला त्या 'गायब' वाटतात आणि त्या नवेगावबांधच्या बाजूच्या एखाद्या गावात हजारो लोकांसमोर उभ्या असतात.

म्हणून माझी एक व्यावहारिक विनंती आहे. तुमच्याकडे जुनी पत्रकं असतील, मंडळाच्या वह्या असतील, त्यात बायांची नावं असतील तर फोटो काढून ठेवा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. तारीख, गाव, नाटक, आणि कोणी कोणतं काम केलं, एवढं लिहून ठेवा. दूरदर्शनच्या पहिल्या काळातलं कितीतरी चित्रण गेलं, कारण टेप महाग असायच्या आणि त्यांच्यावरच पुन्हा नवीन रेकॉर्डिंग व्हायचं. त्यांच्याकडे टेप नव्हती. आपल्याकडे तसं कारण नाही.

प्रश्न घेऊ.

(प्रश्न: मॅडम, माझी पुतणी बारावीला आहे, तिला मालिकेत जायचंच म्हणते. पाठवावं का?)

काका, मी 'नका पाठवू' म्हटलं तर ती ऐकणार आहे का? नाही ना. मग दुसरं सांगते. आधी पदवी. पदवीने अभिनय येतो असं नाही, पण 90 दिवस चेकची वाट बघताना हातात दुसरं काम लागतं, ते पदवीने मिळतं. मयूरी कांगोने आयआयटी सोडली हे सगळे सांगतात. तिने नंतर पुन्हा शिकायला वर्गात जाऊन बसायची तयारी ठेवली, हे कोणी सांगत नाही. दुसरं, पूर्वी ऑडिशनला जायचं म्हणजे विदर्भ एक्सप्रेस. इथून दुपारी बसा, जवळजवळ हजार किलोमीटर, सकाळी मुंबई. आणि तिथे गेल्यावर कळणार की रोल कालच गेला. आता बरीचशी पहिली ऑडिशन मोबाईलवर शूट करून मागवतात. नाव, वय, उंची सांगा, डावी-उजवी बाजू दाखवा, दिलेला संवाद म्हणा, पाठवा. म्हणजे पहिलं एक वर्ष ती गोंदियात राहून प्रयत्न करू शकते. आणि झाडीपट्टीत एक हंगाम करू द्या. रात्रभर आवाज कसा टिकवायचा, हे मुंबईतल्या कुठल्या क्लासमध्ये शिकवतील?

(प्रश्न: पैसे मागतात म्हणे, रोल देण्यासाठी?)

मागतात. नोंदणी फी, कार्ड काढायचं, पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून काढा, 'रोल पक्का आहे, फक्त कपड्यांचे भरा'. ऐका, काम देणारा माणूस कलाकाराला पैसे देतो, कलाकाराकडून घेत नाही. ज्याने आधी पैसे मागितले त्याच्याकडे रोल नसतोच. आणि ऑडिशन हॉटेलच्या खोलीत, रात्री, एकटीने या, असं कोणी म्हटलं तर उत्तर द्यायचंही कारण नाही, नंबर ब्लॉक करायचा. घरच्यांना सांगायला ती घाबरेल असं वातावरण घरात ठेवू नका, ही काकांना सूचना. बहुतेक मुली फसवणुकीनंतर गप्प बसतात त्या याच भीतीने, की घरचे म्हणतील, आता बास, परत ये.

(प्रश्न: पण मग एखादी खरंच हरवली असेल, अडचणीत असेल, तर 'तिचं बरं चाललं असेल' म्हणून सोडून द्यायचं का?)

चांगला प्रश्न आहे. नाही, सोडून द्यायचं नाही. पण चौकशी करायची ती तिच्या माणसांनी, आणि कलाकारांच्या संघटना आहेत त्यांनी. मुंबईत 'सिंटा' आहे, हिंदी सिनेमा-टीव्हीच्या कलाकारांची संघटना. ओळखीतलं कोणी अडचणीत आहे असं खात्रीने वाटलं तर फोन तिला करा, तिच्या घरी करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा जुना फोटो टाकून 'ओळखा पाहू, आता कशी दिसते' हे करू नका. ती जिथे असेल तिथे तिच्या ऑफिसात, तिच्या मुलांच्या शाळेत तो फोटो पोचतो.

(प्रश्न: मी एका मालिकेत दोन भाग केले होते. नंतर नाही गेले. इथे शिक्षिका आहे. लोक अजून विचारतात, का सोडलं?)

वा! बसू नका, उभ्या राहा जरा. कोणतं काम होतं? (उत्तर: नर्सचं.) मग ज्यांना विचारायचंय त्यांना नीट विचारू द्या, की काम कसं केलं, सेट कसा होता, संवाद कोणी समजावले. 'का सोडलं' याच्याआधी 'काय केलं' हे विचारायला पाहिजे ना? तुम्ही आत्ता इथे पुढे या, माईक तुमच्याकडे देते. पाच मिनिटं त्या दोन भागांबद्दल सांगा.

(यानंतर त्या शिक्षिका सुमारे पंधरा मिनिटं बोलल्या. त्यांच्या विनंतीवरून तो भाग शब्दांकनात घेतलेला नाही.)